विनंती थांबा

सव्वीस वर्षं मी या रस्त्याला
रुपयांत ओळखत होतो.
आर्वी डेपोपासून धामणी फाटा सोळा,
निंभा बावीस,
आणि मधे उतारावर, विनंती थांबा,
वाघोडी, एकोणीस.
एक कडुनिंब, एक वाकलेला पत्रा,
हात वर केलेलं कुणीतरी.
सिंगल बेल. चढा. पुढं सरका. डबल बेल.
एवढंच गाव.

मग गाड्या डेपोत एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या,
टायरच्या आडोशाला कुत्री व्याली,
आणि मी घरी बसलो.

घरी. दिवसा.
मला माहीतच नव्हतं
की अकराच्या सुमाराला पत्र्याच्या भोकातून
रुपयाएवढं ऊन चुलीमागच्या भिंतीवर उतरतं,
सरकत सरकत
पाण्याच्या गुंडावर जाऊन बसतं.
वनमालेला माहीत होतं.
ऊन गुंडाला लागलं की ती तवा ठेवायची.
भिंतीवरचं घड्याळ
ती नुसती माझ्यासाठी पुसत होती.

गावाच्या तोंडाशी बाभळीचे काटे आडवे टाकलेले.
अंगणात सांबार निवडता निवडता
एकदा म्हणाली, मान वर न करता,
"रोज दुनियेले नेलं तुमी.
माह्यं तिकीट कधी फाडलं?"
मी आठवून पाहिलं.
मग जुडीतली पिवळी पानं
उगाच फार बारकाईनं काढत बसलो.

काटे उचलले, ते कुणाच्या तरी चुलीत गेले.
गाड्या सुरू झाल्या.
पहिल्या सुटीला आम्ही दोघं रस्त्यावर उभे,
ती इस्त्रीच्या लुगड्यात, मी खाकीशिवाय.
कंडक्टर पोरगा नवा.
दोन वाघोडी, म्हणालो.
"कोनाकडं जाऊन राह्यलो आपन?"
कोणाकडंच नाही. उतरून पाहू.

खिडकी तिला दिली.
सोयाबीन सोंगायला आलेलं,
वावरावावरांतून बायका वाकलेल्या,
आणि ही प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती,
खतांच्या जाहिरातीसुद्धा.

उतरलो.
गाडी निघून गेल्यावर मागं इतकं शांत राहतं
हे मला कधी कळलंच नव्हतं,
मी नेहमी आवाजाबरोबर जायचो.
कडुनिंबाच्या मागं गाव निघालं,
चांगलं साठ-सत्तर घरांचं.
शाळेच्या व्हरांड्यात गाद्यांची चळत अजून,
फळ्यावर खडूनं, विलगीकरण, दिवस नववा.
दहावा कुणी लिहिला नव्हता.

हातपंपाशी गर्दी.
जरा पुढं सरका, मी सवयीनं म्हणालो,
आणि एका बाईनं बादली खाली ठेवली.
"कंडक्टर भाऊ?"
तोंडाला रुमाल असून.

झिबल कुंभरे यांची ती मंडळी.
दर मंगळवारी मधाच्या बाटल्या घेऊन चढायचे,
बाटल्यांना पायांत धरून बसायचे,
वळणावर त्यांच्याकडं बघून मीच श्वास रोखायचो.
वैशाखात गेले, ती म्हणाली. दवाखान्यातच.
घरी नेलं, सीताफळं पुढं केली,
आणि कोनाड्यातून एक तिकीट काढलं.
मशीनची छपाई पार उडून गेलेली,
कोरा कागद.
मागं माझ्या पेनानं : बाकी ६.

मी सहा रुपये दिले.
तिनं मोजले, पदराला बांधले,
आणि तिकीट पुन्हा कोनाड्यात ठेवलं.
वनमाला सीताफळाच्या बिया
मुठीत घेऊन बसली होती,
टाकाव्या कुठं ते तिला कळेना.

परतीला कडुनिंबाखाली आलो.
चारची गाडी लांबून दिसली.
मी हात वर केला,
धरला,
दुसरा लावून धरला.
गाडी भरलेली. गेली.
धूळ बसेपर्यंत ती माझ्याकडं बघत होती.
"तुमीबी असंच करत होते का हो?"
कधीमधी, म्हणालो.

मग ती हसली, अशी की
तारेवरचा कोतवाल उडाला,
आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागली.
तीन किलोमीटर.
तिकिटात पाच रुपये.
पायी किती, ते आता कळणार होतं.